शेजारच्या खाटेची बातमी

आमच्या वर्गात कुणी स्वतःची बातमी स्वतः सांगायची नाही, असा नियम होता. तो आम्ही लष्करी महाविद्यालयात शिकलो आणि केस पांढरे झाले तरी पाळत राहिलो.

त्याचं असं झालं. आम्ही नवीन दाखल झालो तेव्हा रोज संध्याकाळी बराकीसमोर रांगेत उभं राहून दिवसभराचा अहवाल द्यावा लागे. एका पोरानं छाती फुगवून सांगितलं, आज दौडीत मी पहिला आलो. आमच्या उस्तादांनी त्याला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या आणि आम्हाला म्हणाले, "अपनी तारीफ अपने मुँह से नहीं. बगलवाला बोलेगा." तेव्हापासून प्रत्येकाच्या वतीनं शेजारच्या खाटेवरचा बोलू लागला. याला ताप आहे, याच्या बहिणीचं लग्न ठरलं, हा नेमबाजीत पहिला आला. सांगून झालं की ज्याची बातमी असेल त्यानं एक पाऊल पुढं यायचं. बातमी खरी असेल तर "बरोबर" म्हणायचं, चुकली असेल तर "दुरुस्ती" म्हणून नीट सांगायचं. वर्गातल्या आम्हा मराठी मुलांनी ही रीत पुढंही चालू ठेवली. दर वर्षी मे महिन्यात कुठल्यातरी गावी आम्ही जमायचो. जेवणं झाली की बातम्या सुरू व्हायच्या. कुणाला पदक मिळालं, कुणाची बढती हुकली, कुणाला नातू झाला, हे सगळं शेजाऱ्याच्या तोंडून.

माझ्या शेजारच्या खाटेवर माणिकराव होता. आम्ही दोघंही बीड जिल्ह्यातले. तो वडवणीकडच्या मोठ्या जमीनदार घरातला, मी, भारत, दिंद्रुडच्या भीमनगरातला. माझ्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली होती आणि तो रस्त्याच्या कामावर खडी फोडायचा. गावाकडं असतो तर मी माणिकच्या ओसरीवर बसलो नसतो. तिथं आमच्या खाटांमध्ये एका पेटीएवढं अंतर होतं. पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, "दिंद्रुडचा का बे तू? मंग आपुन घरचेच की!" आणि घरून आणलेले धपाटे माझ्यापुढं सरकवले.

पुढं त्यानं थोडी वर्षं नोकरी केली. वडील गेल्यावर तो परत आला आणि तालुक्याच्या सहकारी दूध संघात पडला. तिथंच अध्यक्ष झाला. मी फौजेतच राहिलो. माझं लग्न सरूशी झालं आणि आम्हाला सिद्धार्थ झाला. घरात सगळे त्याला सिदू म्हणायचे.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात मी पूर्वेकडच्या सीमेवर होतो. सरू आणि सिदू सुट्टीला दिंद्रुडला आले होते. त्या साली विहिरी आटल्या होत्या. माणिकनं दूध संघाचे टँकर धुऊन पाण्याला लावले होते. गावात टँकर आला की तो आडात रिकामा करायचे आणि लोक भोवती दोर टाकून पाणी शेंदायचे. त्या दिवशी माणिक स्वतः टँकरबरोबर आला होता. पाटलाच्या आळीकडं जायचा टँकर त्यानं आधी आमच्या वस्तीकडं वळवला, भारतची माणसं आधी पाणी पिऊ देत म्हणून. मग दोन्हीकडची गर्दी एकाच आडावर लोटली. रेटारेटीत सिदू आत पडला. पाणी गुडघाभर होतं आणि खाली खडक होता. माणिकच दोराला धरून उतरला आणि त्यानंच त्याला वर आणलं.

मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं.

माझ्या पलटणीला हे कळलं, पण आमच्या वर्गातलं तिथं कुणी नव्हतं. पुढं मी नोकरी सोडून दिंद्रुडला आलो. वर्गातल्या कुणालाही उत्तर पाठवलं नाही, भेटीला गेलो नाही. समाजमंदिरात सकाळ-संध्याकाळ गावच्या पोरांना शिकवू लागलो. त्यातच वर्षं गेली. माणिक तेवढा येत राहिला. दर बाजाराच्या दिवशी तो आमच्या दारात खुर्ची टाकून बसे, सरूच्या हातचा चहा पिई, पावसापाण्याचं बोले आणि उठे. सिदूचं नाव आम्हा तिघांत कधी निघालं नाही. मेच्या भेटीहून आल्यावर तो म्हणायचा, "समदे तुझी आठवण काढत्यात." मी हूं म्हणायचो. माझी बातमी तोच सांगत असणार हे मला ठाऊक होतं. ती काय सांगतो, हे मी एकदाही विचारलं नाही.

दोन हजार तेराचा दुष्काळ आला तेव्हा पुन्हा टँकर फिरू लागले. माजलगावच्या धरणाचा तळ उघडा पडला. एका सकाळी मी पोरांना अपूर्णांक शिकवत होतो. अर्धा टँकर गळून गेला, उरलेल्यातला पाव भाग सरपंचाच्या हौदात गेला, तर वस्तीला किती पाणी मिळालं? एक पोरगी हात वर करून म्हणाली, "गुरुजी, आधी टँकरचं भोक बुजवायला सांगा ना." सगळी पोरं हसली, मीही हसलो. तेवढ्यात दारात गाडी थांबली आणि सुंदरराव उतरला.

सुंदरराव ब्रिगेडियर होऊन निवृत्त झाला होता आणि पुण्याला राहत होता. वर्गाच्या भेटी तोच ठरवायचा. मी त्याला तारुण्यानंतर आत्ता पाहत होतो, पण त्याचा हुकमी आवाज तसाच होता.

"ऊठ. गाडीत बस. वहिनी, तुम्हीपण. या साली आम्ही वडवणीला जमलोय, माणक्याच्या चारा छावणीवर. तो म्हणाला, भारतला बोलावू नका, तो येत नसतो. म्हटलं, तासाभराची वाट, मीच उचलून आणतो!"

मी नाही म्हणणार होतो. पण सरू आतून पदर सारखा करत आली. "जाऊ या की. आमच्या भावाची बैलं हायेत त्या छावणीत. बघणं तरी व्हईल."

गाडीत सुंदररावानं मागं वळून तिला सांगितलं, "आजचा मान तुमचा आहे वहिनी. पुण्याहून शाल आणलीय. जास्त विचारू नका."

माझ्या शिकवण्याचं माणिकनं या लोकांना सांगितलं असावं, असं मला वाटलं. बरंही वाटलं.

वडवणीच्या अलीकडं, दूध संघाच्या आवारात छावणी होती. पत्र्याच्या लांबच लांब सावल्यांत जनावरं बांधलेली. शेजारी लुगडी ताणून माणसांनी संसार मांडलेले. उसाच्या वाढ्यांचे, म्हणजे शेंड्याकडच्या हिरव्या पाल्याचे, भारे पडले होते, चारा बारीक करायचं कुट्टीचं यंत्र चालू होतं, आणि मळीचा गोडसर आंबूस वास सगळीकडं भरला होता. दूध येत नसल्यानं संघाचं शीतकरण केंद्र बंदच होतं. त्याच्या मोठ्या खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या.

माणिक दारातच उभा होता, हातात पाण्याचा पेला. त्यानं आम्हाला उतरताना पाहिलं. तो "ये" म्हणाला नाही. म्हणाला, "तू कसा काय आलास?"

"ह्यांनी आणलं," मी म्हटलं.

तो सुंदररावाला बाजूला ओढू लागला. "वैनीला ऊन लागलेलं दिसतंय. मी सोडून येतो ह्यांना घरी."

"मला कुठलं ऊन?" सरू म्हणाली. "गाडीत तर गारेगार व्हतं."

राधाकिशन मोठ्यानं हसला. तो जालन्याचा, कर्नल होऊन निवृत्त झालेला, वर्गातला सगळ्यात वात्रट. "अध्यक्ष घामाघूम झाले बे! वहिनी, ह्यानं तुमचं काय खाल्लंय, ते आत्ताच सांगा. सगळे साक्षीला आहेत." आणि मला मिठी मारून तो म्हणाला, "काय बे आजोबा! एवढी वर्षं तोंड लपवून बसलास?"

गावची पोरं मला आजोबाच म्हणतात. मी हसलो. पण पलीकडं राधाकिशनची बायको छबुबाई सरूला म्हणत होती, "एकदा तरी जाऊन यावं हो तिकडं. मुलं बोलावतात, पण आपलंच पाऊल निघत नाही."

"कुठं?" सरूनं विचारलं.

तेवढ्यात पानं वाढल्याची हाक आली. सरूनं माझ्याकडं पाहिलं. मी खांदे उडवले. या बाईची कुणाशी तरी गल्लत होत असेल, असं मला वाटलं.

जेवताना माणिक एक घासही खात नव्हता. वाढायच्या निमित्तानं तो तीनदा माझ्याजवळ आला आणि तसाच परत गेला. शेवटी वाकून म्हणाला, "भारत, जरा भाईर चल. बोलायचंय." सुंदररावानं त्याला दंडाला धरून बसवलं. "बातम्या झाल्यावर बोल. पळापळ नको."

बातम्या सुरू झाल्या. मला वाटलं त्यापेक्षा मजा येऊ लागली. राधाकिशनच्या शेजाऱ्यानं सांगितलं, याचे दोन्ही गुडघे बदलले. राधाकिशन लंगडत पुढं आला. "दुरुस्ती. एकच बदललाय. दुसरा बायकोच्या धाकानं आपोआप वाकतो." छबुबाईनं त्याला सुपारीचं डबडं फेकून मारलं. कुणाच्या मुलीनं हिमालयात रस्ता बांधला होता. कुणी निवृत्तीनंतर पेटी शिकत होता आणि शेजाऱ्यांनी घर बदललं होतं. सरूसुद्धा पदर तोंडाला लावून हसली.

मग सुंदरराव म्हणाला, "आता भारत."

माणिक उठला. खुर्चीची पाठ त्यानं दोन्ही हातांनी धरली होती. "भारत बरा हाय," तो म्हणाला. "गावच्या पोरांला शिकवतो. चांगलं शिकवतो." आणि खाली बसला.

"एवढंच?" एकदम गलका झाला. "अन् सिदू?"

सव्वीस वर्षं ते नाव मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. माझे कान बंद झाल्यासारखे झाले. समोरचे चेहरे दिसत होते, हसरे, ओळखीचे, आणि ते सगळे माझ्या मुलाचं नाव घेत होते.

"आई-बाप समोर बसलेत म्हणून हा लाजतोय," सुंदरराव म्हणाला. "मीच सांगतो. सिदूनं यंदा कमाल केली. ही छावणी बघताय ना? वाढे बारीक करायचे, त्यात मळी मिसळायची, एका जनावराला किती द्यायचं, हे सगळं त्यानं तिकडून फोनवर माणिकला समजावलं. हजारांवर जनावरं जगली. आपल्या वर्गातल्यांच्या मुलांमध्ये या वर्षीचा मान त्याचा."

"अरे, ते पोरगं आधीपासून जिद्दीचं," दुसरा कुणी म्हणाला. "अकरावीत सायकलवरून पडून हात मोडला, तरी डाव्या हातानं पेपर लिहिला."

"मग गुजरातेत दुधाचं शास्त्र शिकायला गेला."

"कोल्हापूरच्या नोकरीत भेसळीवरून साहेबाशी भांडला, ते विसरलात का?"

"म्हणून तर न्यूझीलंडला गेला. तिथंपण सहकारी डेअरीतच. रक्तातच सहकार!"

ते एकमेकांच्या तोंडातून वाक्यं काढून घेत होते. दर वर्षी थोडं थोडं ऐकलेलं त्यांना सगळं पाठ होतं. सिदूची बायको परिचारिका होती. त्यांना मुलगी होती. छबुबाईनं पिशवीतून एक फ्रॉक काढून टेबलावर ठेवला, पिवळा, गळ्याला नक्षी असलेला. "पाच वर्षांची ना? अंदाजानं घेतलाय. तुमच्याबरोबर पाठवून द्या."

"आणि गंमत बघा," राधाकिशन म्हणाला, "लहानपणी हा गडी बेडकाला भिऊन खाटेवर चढून बसायचा. आता तिकडच्या हिरव्या कुरणांत हिंडतो!"

सरूच्या घशातून एक आवाज आला. सिदू बेडकाला खरंच भीत होता. खरंच खाटेवर चढून बसायचा.

मी माणिककडं पाहिलं. तो माझ्याकडं पाहत नव्हता.

"बोल भारत," सुंदरराव शालीची घडी उलगडत म्हणाला. "बरोबर की दुरुस्ती?"

मी उभा राहिलो. पाय सवयीनं एक पाऊल पुढं गेला. "बरोबर" म्हटलं असतं तर शाल घेऊन, फ्रॉक घेऊन घरी जावं लागलं असतं, आणि सरूच्या डोळ्यांत मला पुन्हा बघता आलं नसतं. "दुरुस्ती" म्हटलं असतं तर इतक्या माणसांच्या मनात धडधाकट वाढलेलं पोर मी बापानं माझ्या तोंडानं मारलं असतं. आणि माणिकला या खोलीत, या जिल्ह्यात, मान वर करून उभं राहता आलं नसतं. मला फक्त यंत्राची घरघर ऐकू येत होती.

"दुरुस्ती," सरू म्हणाली.

ती उठून उभी राहिली होती. बायकांनी बोलायची आमच्यात रीत नव्हती, पण कुणी अडवलं नाही. उलट सगळे कौतुकानं तिच्याकडं वळले.

"सिदूला दुधाचा वास खपत न्हवता," ती म्हणाली. "पेला बघितला की पळायचा. त्यो डेरीत कशाला जाईल?"

खोलीत हशा पिकला. आधीच्या दुरुस्त्यांसारखीच ही एक, असं त्यांना वाटलं. "वहिनी, तिथं शास्त्र असतं, प्यावं लागत नाही!" राधाकिशन ओरडला आणि हसण्याची दुसरी लाट आली. सरू थांबली. सगळ्यांचं हसून होईपर्यंत ती थांबली.

"त्यो दुसरीत व्हता," ती म्हणाली. "तिसरीत गेलाच न्हाई. सत्त्याऐंशीला आमच्या आडात पडून गेला."

कुणाचं तरी हसू अजून संपायचं होतं. ते मध्येच तुटलं. राधाकिशनचा हात टाळी द्यायला वर गेलेला, तो तसाच राहिला. या लोकांनी लढाया पाहिल्या होत्या, माणसं पुरली होती, पण त्या क्षणी कुणाला उभं राहावं की बसावं, हे कळेना. छबुबाईनं फ्रॉककडं हात नेला आणि परत घेतला.

"माणिक?" सुंदरराव म्हणाला.

माणिकनं मान हलवली.

"अरे, मी त्याच्या लग्नात चांदीची समई पाठवली होती!" सुंदररावाचा आवाज फाटला. "तुझ्याच हातात दिली होती. मुलगी झाली तेव्हा वाळे दिले. कुठं आहेत ते?"

"घरी हायेत," माणिक म्हणाला. "कपाटात. समई, वाळे, राध्यानं दिलेला पेन, घड्याळ. समदं हाय. कशाला हात लावला न्हाई."

"पण का बे?" राधाकिशननं विचारलं. त्याला आता ओरडता येत नव्हतं.

माणिक पुन्हा उठून उभा राहिला. "त्याच साली सांगायला उभा राह्यलो व्हतो. खरं तेच सांगणार व्हतो. समोर तुमी समदे. कुणीतरी इचारलं, भारतचं पोरगं कसंय? टँकर मीच तिकडं वळवला व्हता. मीच वर काढलं त्याला. तोंड उघडलं अन् भाईर आलं, तिसरीत गेला. तुमी टाळ्या वाजवल्या. मंग पुढल्या साली चौथी न सांगून कसं जमंल?"

सुंदरराव शाल हातात धरून खाली बसला.

हा माणूस माझ्या दारात बसत होता. पावसाचं बोलत होता. आणि इथं येऊन माझ्या मुलाला परीक्षा देत होता, लग्न लावत होता, बाप करत होता. मला त्याच्या थोबाडीत मारायची होती. मी एक पाऊल टाकलंही. पण सरू आधीच त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली होती, आणि मला वाटलं, मारू दे तिला, तिचा हक्क पहिला.

"भाऊजी," ती म्हणाली, "दर बाजाराला माझ्या दारात च्या पेलात ना तुमी?"

"व्हय वैनी."

"ह्या समद्यांला त्यो दहावी झालेला ठावं. बारावी झालेला ठावं. हात मोडला, नोकरी लागली, लग्न झालं, समदं ठावं. ह्या बाईंनी त्याच्या लेकीला झबलं आणलं." तिचा आवाज चढला. "मी माय हाय त्याची. मलाच तेवढं कुणी सांगितलं न्हाई! इतकी वर्षं माझं पोर तुमी इकडं वाढवलं, अन् मला एक शब्द न्हाई!"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मी तिच्याकडं पाहिलं. एवढ्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं होतं, गप्प बसलेलं पाहिलं होतं, पण असं कधी पाहिलं नव्हतं. ती खोटं बोलल्याबद्दल त्याला बोलत नव्हती. ते खोटं आपल्या वाट्याला आलं नाही, म्हणून ती भांडत होती.

मला तिथं उभं राहवेना. मी बाहेर निघून आलो.

उन्हाचा कहर होता. पत्र्याखाली बैल रवंथ करत होते. एक म्हातारा आपल्या गाईच्या अंगावरच्या गोचिड्या काढत बसला होता. त्यानं मला विचारलं, "पाव्हनं, कुन्या गावचे?" मी पाण्याच्या हौदाला धरून उभा राहिलो. सव्वीस वर्षं मी घरात सिदूचं नाव घेऊ दिलं नव्हतं. सरूला त्रास होईल म्हणून, असं मी समजत होतो. त्याचे दोन कपडे, त्याचा एक फोटो, सगळं मी पेटीत बंद केलं होतं. तिनं कधी विरोध केला नाही. मी ते तिचं समाधान समजलो होतो.

सुंदरराव मागून आला. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "माणिकचं काय करायचं, तू सांग. तू म्हणशील तर आजपासून तो आमचा कुणी नाही."

मला त्या क्षणी माणिकचा इतका राग होता, की मी काहीही म्हटलं असतं. मी आत निघालो, ते सरूला हाताला धरून घरी न्यायला.

दारात थबकलो. खुर्च्या सरकवून लोक गोल बसले होते. सरू मध्ये, मांडीवर पिवळा फ्रॉक. माणिक तिच्यासमोर खाली फरशीवर बसला होता, मांडी घालून, मान खाली.

"मंग चौथीत शिष्यवृत्तीला बसला," तो हळू आवाजात सांगत होता.

"मिळाली?"

"थोडक्यात गेली. लई रडला."

"रडलाच असंल. त्याला हरणं खपायचंच न्हाई. मंग?"

"मंग तुमी दोघं त्याला माजलगावला शाळेत घातलं. यष्टीनं जायचा. खिडकीपाशी बसायचा."

"डबा काय नेयाचा?"

माणिक अडखळला. एवढं त्याला कुणी विचारलं नव्हतं. "भाकर अन्... शेंगदाण्याची चटनी."

"चटनी नको म्हनायचा त्यो. तिखट लागायचं. गूळ द्यायची मी." सरूनं डोळे पुसले. "गूळ अन् भाकर. म्होरं सांगा."

छबुबाई मान खाली घालून रडत होती. राधाकिशन तिच्या पाठीवर हात ठेवून बसला होता. कुणी हललं नाही. मी दारातच उभा होतो, हाताला धरून न्यायचं विसरून. माणिक एकेक वर्ष पुढं जात होता. सरू त्याला अडवत होती, विचारत होती, काही ठिकाणी बदलून घेत होती. सहावीला कावीळ झाली म्हणाला, तर ती म्हणाली, न्हाई, मी बाहेरचं पाणी पिऊ दिलं नसतं. त्यानं कावीळ काढून टाकली.

"दहावीला चांगले मार्क पडले," माणिक म्हणाला. "भूगोलात शाळेत पहिला. गणितात तेवढा काठावर पास झाला."

"काठावर?" मी म्हणालो.

सगळ्यांनी वळून पाहिलं. मी घरी चला म्हणायला आलो होतो.

"काठावर कसा?" मी पुढं झालो. "सहाव्या वर्षी त्याला पावकी-निमकी येत होती. मी सुट्टीला आलो की रस्त्यानं चालताना माझ्याकडून गणितं घालून घ्यायचा. मी त्याचा बाप, रोज पोरांना गणित शिकवतो, आणि माझा मुलगा काठावर? तुझे मार्क त्याला का दिलेस बे? काठावर तू पास झाला होतास!"

माणिकनं वर पाहिलं.

"चूक झाली," तो म्हणाला.

मला अजून बोलायचं होतं. खूप बोलायचं होतं. पण सरूनं फ्रॉक उचलून मांडीच्या कडेला घेतला, शेजारची खुर्ची ओढून माझ्यासाठी मोकळी केली आणि मला गप्प बसायची खूण केली.

"पैकीच्या पैकी पडले गणितात," ती माणिकला म्हणाली. "आता अकरावीचं सांगा. हात कसा मोडला?"